मले नाई समजलं, मॅडम!

मेश्राम सर माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि तास रंगात आला की हात वर करत. "मॅडम, मले नाई समजलं!"

आता हा माणूस आमच्या चामोर्शीच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता म्हातारा झालेला. मी अर्थशास्त्राची, नोकरीत नवी. अंगाचा नुसता तिळपापड होई!

हे खूळ सरांच्या डोक्यात शिरलं चंद्रपूरच्या प्राध्यापक-प्रशिक्षणात. "एकमेकांच्या वर्गात बसा, शिकवणं सुधारेल," असं तिथं सांगितलं. आम्ही माना डोलावल्या, समोसे खाल्ले, प्रमाणपत्रं घेतली आणि परतीच्या बसमध्ये झोपलो. सर तेवढे जागे राहिले. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याच तासाची खैर नव्हती. ते दारात दिसले की वाणिज्यवाले सर खडू आणायला जात, ते तास संपेपर्यंत परत येत नसत.

एकदा मी मोठ्या ऐटीत 'मागणीची लवचिकता', म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते ते, शिकवत होते. झाला हात वर! "मॅडम, हे आपल्या बाजारात कुठी दिसते?" पोरं खुसखुसली. तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलंच.

"सर, खरंच समजत नाही, की माझी फजिती करायचीय?"

"मले समजते हो. पन तुमच्या वर्गातली ते भामरागडची सुशीला पाहा. घरी माडिया बोलते. वर्षभर नुसती मान हलवून राह्यली, तोंड उघडलं नाई. आता मनते, कॉलेज सोडून गावाले जातो." सर चष्मा पुसू लागले. "माह्या वर्गातबी एक पोट्टा असाच मान हलवे. मले वाटे, काय भारी शिकवतो मी! दिवाळीले गावाले गेला, वापस आलाच नाई. हे पोरगी मी नाई जाऊ देत. मी म्हातारा इचारतो, त तिलेबी इचाराची हिंमत येईन."

पुढच्या आठवड्यात सर हौसेनं पुन्हा प्रशिक्षणाला गेले. शेवटचा बाक रिकामा. हायसं वाटायचं सोडून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी तीच लवचिकता पुन्हा काढली आणि हात वर झाला. सुशीलाचा!

"मॅडम, मले नाई समजलं. मीठ महाग झालं तरी आमी तेवढंच घेतो. मंग?"

मी खडू टाकून व्हरांड्यात धावले आणि सरांना फोन लावला. "सर, सुशीलानं विचारलं हो!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सर ओरडलेच, "मंग माह्याशी काऊन बोलून राह्यल्या? पोरगी उभी असंल तिथी! जा ना!"

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मी वर्गात येऊन तो तसाच चालू टेबलावर ठेवला आणि मिठापासून सुरुवात केली.