टोमॅटो रडला का?

सिस्टर माणसाचं तोंड नंतर बघत, हात आधी. कोणीही दारात आलं की म्हणायच्या, "आधी हात." आपण निमूट हात पुढे करायचे. त्या चष्म्यातून नखं बघणार, मग तळवे उलटसुलट करायला लावणार आणि मग विचारणार, "हं, काय काम काढलंस?" भाजीवाली असो, पोस्टमन असो, नाहीतर मी. मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, मुलींच्या शाळेतली शिक्षिका, रोज संध्याकाळी चहाला जाणारी. तरी रोज हात. एकदा बोटांना खडू राहिला म्हणून मला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाचेसुद्धा हात त्यांनी अंगणातच तपासले आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "नखं खातो." लग्न व्हायचं ते झालंच. नखं तो अजून खातो.

श्रीरामपुरात मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी उमर गेली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडली. निवृत्तीला वेळ असताना त्यांनी एकाएकी नोकरी सोडली. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मला चौकशांची फार खोड, पण सिस्टरपुढे आपली चौकशी चालत नाही. त्याच उलट आपली करतात.

लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि कापूस. कापूस म्हणजे कुत्रा. दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरबाई मायदेशी परत जाताना त्याला सिस्टरच्या ओटीत टाकून गेल्या. लांब केसांचा, पांढराशुभ्र, डोळे केसांत कुठे आहेत ते शोधावं लागे. नाव शोभत होतं. पण तो उन्हाळा दुष्काळाचा. नळाला पाणी आलं तर आलं, तिथे कुत्र्याला आंघोळ कोण घालणार? कापसाचे केस गुंतले, गुंत्यांच्या गाठी झाल्या, गाठींत गोचीड झाले, आणि एप्रिलपर्यंत तो जुन्या गादीतून काढलेल्या कापसासारखा दिसायला लागला. पाठीवर एका गाठीखाली जखम झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, केस उतरवा, नाहीतर जखमेत अळ्या पडतील आणि म्हातारं कुत्रं काही वाचायचं नाही.

आता केस उतरवायचे कोणी? कारण कापूस कात्री बघितली की खाटेखाली जायचा तो जायचाच. त्यालाही कारण होतं. मागल्या दिवाळीत त्याच्या डाव्या कानाचं टोक तुटलं होतं. चांगलं बोराएवढं. सिस्टर फक्त "अपघात झाला" एवढंच म्हणाल्या, पण गल्लीला तेवढ्यावर कुठलं समाधान? त्याच आठवड्यात भिकाजी न्हावी आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्यांची हजामत करायला घरी आला होता. झालं. दोनात दोन मिळवून लोकांनी पाच केले. भिकाजीला 'कानकाप्या' नाव पडलं. दुकानात बसणारं गिऱ्हाईक आधी कान झाकून घ्यायचं, मग हसायचं. तो बिचारा शपथा घ्यायचा, लोक आणखी हसायचे.

मी सिस्टरना सरळच विचारलं की तुम्ही जन्मभर टाके घातले, टाके काढले, मग ह्याचे केस तुम्हीच का नाही कापत? त्यांनी स्वेटरच्या खिशातले हात तसेच ठेवून सांगितलं, "घरच्या माणसावर आपण शस्त्र चालवू नये. दवाखान्याचा नियम आहे." एप्रिलमध्ये स्वेटर. पण ती बाईच तशी. चहासुद्धा मला अर्धाच कप ओतायला लावायच्या आणि दोन्ही हातांत धरून प्यायच्या. मी म्हणायची, शिस्त.

तर मग माणूस शोधणं सुरू झालं. माणूस पारखायची सिस्टरची रीत ऐका. आधी हात. मग कात्री उकळत्या पाण्यात. मग प्रश्न: "कुत्रा हलला तर काय करशील? लागलं तर काय करशील?" आणि ह्या सगळ्यातून जो पार पडेल त्याची टोमॅटोची परीक्षा. अगदी पिकून मऊ झालेला टोमॅटो घ्यायचा, त्यावर मी जुन्या स्वेटरची लोकर गच्च गुंडाळायची, जागोजागी गाठी मारायच्या. कात्रीने सगळी लोकर काढायची आणि सालीला कात्री लागता कामा नये. लागली की रस यायचा. त्याला सिस्टर म्हणायच्या, "टोमॅटो रडला." दुष्काळात टोमॅटो काय भावाने मिळत होते ते आम्हा बायकांना विचारा, पण सिस्टरपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

पहिला आला तो जनावरांच्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर. नखांत तंबाखू. टोमॅटोचं दर्शनही न होता गेला. मग मी ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवलेल्या एका धनगराला घेऊन आले. हात स्वच्छ धुऊन आला होता गडी. सिस्टरनी विचारलं, कुत्रा हलला तर? तो म्हणाला, "हलतोय कशाचा? आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे. आमच्या मेंढरांनी कदी तक्रार केली न्हाई बगा." कापूस खाटेखालून गुरगुरला. सिस्टरनी मला धनगराला गूळपाणी द्यायला सांगितलं आणि त्याला वाटेला लावलं. पाय बांधून घेणारा जीव गप्प असतो म्हणजे त्याला दुखत नाही असं नाही, हे मग मला संध्याकाळभर ऐकावं लागलं.

मेन रोडचा शिंपी मात्र मला पसंत होता. बोटं कशी सुबक, कात्री कशी चालते! लोकर झरझर उतरवली आणि टोमॅटो बशीत ठेवून दिला, लालबुंद, चकचकीत. मी मनात म्हटलं, सुटलो. सिस्टरनी फक्त मला चमच्याने टोमॅटो उलटा करायला लावला. खालच्या बाजूला चीर होती, बशीत रस उतरला होता. शिंपी म्हणाला, "तेवढं चालायचंच, सिस्टर." सिस्टर त्याला दारापर्यंत पोचवून आल्या आणि बराच वेळ त्या बशीकडे बघत बसल्या.

आणखीही दोघंतिघं आले. गंमत बघा, प्रत्येकाच्या हातून टोमॅटो रडायचा आणि प्रत्येकजण रडकी बाजू खाली घालून बशीत ठेवायचा. मी तर म्हणते ही खोड माणसाला जन्मतःच असावी. इकडे जखमेला वास यायला लागला होता. कापूस खायचा बंद झाला. एका संध्याकाळी मी चिडलेच. म्हटलं, टोमॅटो राहू द्या, जो मिळेल त्याच्याकडून केस काढून घ्या, नाहीतर तुमच्या परीक्षा संपेपर्यंत कुत्रा संपेल. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी, शाळेला सुट्टी होती, भिकाजी स्वतःहून दारात उभा राहिला. हत्यारांची धोपटी काखेत, चेहरा उतरलेला. सिस्टर म्हणायच्या आधीच त्याने दोन्ही हात पुढे केले. "बाई, परीक्षा घ्या माझी. कुत्र्याला हात लावला म्हनून गिऱ्हाईक तुटलं तरी तुटू द्या. आसंबी लोकं कानकाप्याच म्हनत्यात. माझं पोरगं साळंत जायला तयार न्हाई."

आसपासच्या बायका गोळा झाल्याच. सिस्टर आज हात बघायला पुढे वाकल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, कात्री उकळ. मी उकळली. टोमॅटो आणला, लोकर गुंडाळली. भिकाजी ओट्यावर बसला. धोपटीतून फणी काढली, लोकरीखाली सरकवली आणि फणीच्या वरून कात्री चालवायला लागला, म्हणजे साल आणि कात्री ह्यांच्यामध्ये कायम फणी. सावकाश. लोकर जवळजवळ सगळी उतरली. शेवटची गाठ राहिली होती आणि तेवढ्यात कुठे काय झालं, त्याचा हात थांबला.

टोमॅटोची चिरलेली बाजू वर करून त्याने तो सिस्टरपुढे धरला.

"लागली, बाई. हितं बगा. माझ्याच हातनं लागली."

बायका हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, कानकाप्याच तो. भिकाजी धोपटी आवरायला लागला. सिस्टर खुर्चीतून उठल्या, ओट्यावर त्याच्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी हात." त्याने पुन्हा हात पुढे केले. त्यांनी मान हलवली.

"तुझे बघितले. आता माझे बघ."

आणि स्वेटरच्या खिशातून त्यांनी स्वतःचे हात बाहेर काढले. आम्ही सगळ्यांनी बघितले. दोन्ही हात थरथरत होते, उजवा तर थांबायचं नाव घेत नव्हता. रोज जाणारी मी, रोज हात दाखवणारी मी, आणि त्यांचे हात मी कधी नीट बघितलेच नव्हते.

"कान मी कापला," सिस्टर म्हणाल्या. "दिवाळीत केस कापायला बसले होते."

भिकाजी हळूच म्हणाला, "मग लोकं मला म्हनत हुती तवा तुमी गप का बसला?"

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात हात थरथरायला लागला त्याच आठवड्यात जाऊन सांगून टाकलं, माझ्या हातून कोणाला इजा व्हायच्या आत सोडते म्हणून. तिथे सांगता आलं. इथे माझ्यावर भरवसा ठेवणारा हा एकच उरला होता. त्यालाच कात्री लागली. ते कोणाला सांगवेना. तुझं वाईट केलं मी, भिकाजी."

इतके महिने ज्याचं मला कुतूहल होतं ते समोर आलं आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. राग भिकाजीला आला असणार, का येऊ नये? मग त्याने कात्री पुन्हा उकळत्या पाण्यात टाकायला माझ्याकडे दिली.

"आना भाईर त्याला," तो म्हणाला. "आन डोकं तुमीच धरा."

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, माझा हात हलतो, त्यापेक्षा ही धरेल. भिकाजी ऐकेना. म्हणाला, तो ह्यांच्याजवळ थांबायचा न्हाई. आणि खरंच, मी हाक मारली तर कापूस खाटेखालून हलला नाही. सिस्टरनी नुसता थरथरता हात खाली केला, तर तो सरपटत आला आणि हनुवटी त्या हातात ठेवून पडला. तोही थरथरत होता. दोघांची थरथर एकच झाली. भिकाजीने फणी सरकवली. दुपार कलली तेव्हा ओट्यावर केसांचा ढीग होता आणि मधे एक किडकिडीत, गुलाबी, मोठ्या डोळ्यांचा प्राणी, जो कापूस आहे हे पटायला आम्हाला वेळ लागला. कुठेही एक ओरखडा नव्हता. जखम भिकाजीने दाखवली, ती सिस्टरच्या सांगण्यावरून मी धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर भिकाजीच्या दुकानात गेल्या. पुरुषांच्या दुकानात, बाकावर, दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकांच्या मधे. कान कोणी कापला ते त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पुन्हा सांगत दुपारपर्यंत तिथेच बसल्या. शेवटी भिकाजीनेच हात जोडून त्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळी मी नेहमीसारखी गेले आणि सवयीने हात पुढे केले. कापूस त्यांच्या पायाशी घोरत होता. अंगावर स्वेटर नव्हता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

मी चहा केला आणि नेहमीसारखा अर्धा कप ओतून थांबले.

"पूर्ण भर," सिस्टर म्हणाल्या. मी काठोकाठ भरला. चहा निवल्यावर त्यांनी एकाच हाताने कप उचलला, निम्मा चहा बशीत, पदरावर आणि थोडा कापसाच्या पाठीवर सांडला. त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा झोपला.