नवव्या मजल्यावरचं वादळ

हवामान कार्यालय तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता हवेचा दाब साडेतीन मिलिबारने घसरला. साहेबांच्या अंगात वीज संचारली. बावीस वर्षांच्या नोकरीत बिचाऱ्यांच्या वाट्याला एकही वादळ आलं नव्हतं. आता आयतं आलेलं ते काय सोडतात! कोणालाही न विचारता त्यांनी इशारा देऊन टाकला.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर तसूभरही हलत नव्हती.

"साहेब, वादळबिदळ काही नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या. "आपण वर आलोय. जितकं वर जावं तितका दाब कमी. यंत्राच्या उंचीचा आकडा बदलायचा राहिलाय."

"हवेला काय मजले कळतात? ती काय लिफ्टने येते?" साहेब कडाडले. "आकडा चुकला असेल तर तुम्ही चुकीचा वाचलात. मग तुम्हाला कायम कशाला करायचं?"

बाईंचं उमेदवारीचं वर्ष आज संपत होतं. साहेबांनी कायम करण्याच्या कागदावर सही केली नाही, तर उद्यापासून घरी.

तोवर फोन खणखणायला लागले. नदीवरच्या लाँच बंद झाल्या होत्या. शाळेने मुलं घरी पाठवली होती. साहेबांच्या बायकोने विचारलं, "अहो, गाद्या उन्हात टाकल्यात, काढू का?"

"काढ! आधी काढ!"

मग मुख्य कार्यालयाचा फोन आला. "बाकी सगळीकडे शांत आहे. तुमचं वादळ आलं कुठून?"

"वाटेत आहे," साहेब चाचरत म्हणाले.

बाईंनी जागाबदलाचा फॉर्म शोधून काढला. 'यंत्राची समुद्रसपाटीपासून उंची' यापुढे साहेबांच्या हातचं होतं, 'पूर्वीप्रमाणे'. प्रत्येक रकान्यात तेच. वेगळं काही लिहिलं की वरचे शंका काढतात, ही साहेबांची जुनी धास्ती.

बाईंनी बॅरोमीटरची लाकडी पेटी उचलली. "चला साहेब, खाली."

कालची कपाटं ओढून ओढून लिफ्ट बंद पडली होती, म्हणून जिना. प्रत्येक मजल्यावर बाई थांबत, काचेवर टिचकी मारत आणि पेटी पुढे करत. "तुम्हीच वाचा. माझं वाचन चुकतं ना!"

"जरासा चढला," आठव्यावर साहेब पुटपुटले. सहाव्यावर काटा आणखी वर. चौथ्यावर वकील बाहेर आले, तिसऱ्यावर दाताच्या डॉक्टरांचे दोन पेशंट गाल धरून मागे लागले. "कितीवर आला हो?"

तळमजल्यावर काटा बरोबर कालच्या आकड्यावर येऊन थांबला. गाल धरलेल्या पेशंटांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"साहेब, वादळ फक्त नवव्या मजल्यावर आहे," बाई म्हणाल्या. "इशारा तेवढ्यापुरता ठेवायचा का?"

साहेब शेवटच्या पायरीवर मटकन बसले. "मागे घेतो, बाई. पण तुमचा तो कागद वर राहिला."

"कशाला राहील?" बाईंनी पेटीतून कागद काढला. साहेबांनी पेटीवरच ठेवून सही केली आणि घाम पुसला. "आता पुन्हा नऊ मजले कोण चढणार?"

बाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत केव्हाच निघाल्या होत्या. काखेत पेटी होती, कानाला फोन होता. मजल्यामागून मजला हवेचा दाब उतरत होता आणि बाईंचा आवाज चढत होता, "आई! अगं, झाले मी कायम!"