डोंग्याला डबल बेल

आमच्या अर्जुनी मोरगावजवळच्या तलावावरचे जवळजवळ सगळे डोंगेवाले शेजारच्या पटलेकाकांनी नापास केलेले आहेत. काकांना एकदा डोंग्यात बसून मधल्या खोल पाण्यात गळ टाकायचा होता. मासा ते खात नाहीत. लागला तर सोडून देणार. पण डोंगेवाला भरवशाचा पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत दर रविवारी काठावर परीक्षा चालू.

काका एसटीत कंडक्टर होते. "ड्रायव्हरच्या भरवशावर जल्म काढला गा म्या," ते म्हणतात. "गाडी कोणीबी चालवते. थांबवते कोण, ते पाहा." म्हणून डोंगेवाल्यालाही ते ड्रायव्हरच म्हणतात. बोलण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. मग त्याला एकट्यालाच डोंगा आत न्यायला लावतात आणि काठावरून ओरडतात, "थांबव!" एक जण त्या वेळी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, दोन्ही हात गुंतलेले. नापास. दुसरा आपण धरलेल्या माशाची लांबी हात पसरून दाखवत होता. तेवढ्यात वल्हंच पाण्यात गेलं. नापास.

काकांना तलावावर मीच नेतो. स्कूटर चालवण्यापुरता मी पास आहे. मागे बसून ते आधी वळून पाहतात, मग माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारतात. ही डबल बेल. मग निघायचं. "कोणी मांगं राहिलं तं नाही ना, हे पाहिल्याबिगर कंडक्टरनं बेल देऊ नये," हा त्यांचा धर्म.

माझ्या खांद्याच्या पिशवीत पत्रकं असतात. तलावाच्या पाण्यावर पहिला हक्क मासेमारांचा, असं त्यांत ठळक अक्षरांत लिहिलेलं. त्यामुळे काका मला 'पत्रकवाले' म्हणतात. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर गेल्या, त्यांची परीक्षा घेणारे आपण कोण? ही शुद्ध मालकशाही आहे."

"हक्क त्याइचा, मान्य," काका म्हणाले. "जीव कोणाचा?"



त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. काकू गेल्या, मूलबाळ नाही. संध्याकाळी पलीकडून आवाज येतो, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाये!" पहिल्यांदा मला वाटलं, पाहुणे आले. जाऊन पाहिलं तर काका एकटेच हातात ताट घेऊन स्वयंपाकखोलीत चालले होते.

परीक्षेचा शेवटचा प्रश्न ठरलेला, आणि तिथे उरलेले सगळे गळायचे. "मी पाण्यात पडलो, तं कोणाले सांगशीन?"

"पोलीस पाटलाले."

"मी का चोर हावो? नापास!"

"टेन्शन नका घेऊ जी. तुमच्याच मोबाईलवरून घरी फोन करन."

"मोबाईल माह्याच खिशात ना बे! तो बी बुडला!"

काठावरची माणसं हसायची. काका हसायचे नाहीत. ते खरोखर उत्तराची वाट पाहत असायचे.

मागच्या रविवारी एकच परीक्षार्थी उरला होता. सुकराम. वयाने काकांच्याच बरोबरीचा, डोंगा उलटा करून त्याच्या फटींत डांबर भरत बसलेला. काकांनी वास घेतला. फक्त डांबराचा आला. डोंगा पाण्यात ढकलून सुकराम आत गेला, 'थांबव' म्हणताच थांबला, परत आला. मग शेवटचा प्रश्न.

"ते मंग सांगतो," सुकराम म्हणाला. "आधी मी पडलो तं तुम्ही कोणाले सांगान, ते बोला."

काकांना आजवर कोणी उलटा प्रश्न विचारला नव्हता.

"आयका. माह्यं घर मारुतीच्या देवळामागं. बाई बहिरी हाये. आवाज नका देऊ, दारात उभे राहा, थे पाहते. आता म्हणून दाखवा."

काकांनी म्हणून दाखवलं. "मारुतीच्या देवळामागं. आवाज नाही द्यायचा. दारात उभं राहायचं."

"पास," सुकराम म्हणाला. "आता तुमचा कोण?"

काकांनी पाण्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांचं बोट हळूहळू माझ्याकडे वळलं.

"हा."

"याचं नाव का?"

काका माझ्याकडे बघत राहिले. इतक्या रविवारांत ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि 'पत्रकवाले' ऐकायची सवय झालेल्या मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं.

"विलास," मी म्हणालो.

"विलास," काका सुकरामला म्हणाले. मग स्वतःशी पुन्हा एकदा, "विलास," जसं सुकरामचं घर पाठ केलं होतं तसं.

दोघे डोंग्यात बसले. मी पिशवी खांद्याला लावली. पलीकडच्या गावात माझी सभा होती, लोक येऊन बसले असतील. डोंगा थोडा आत जाऊन थांबला. काकांनी मागे वळून काठाकडे पाहिलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि बांधावर बसलो.

मग पाण्यावरून आवाज आला. लाकडावर दोनदा, ठक ठक.