ऐकलं का?

माणूस मिशी का काढतो, याची मला ठाऊक असलेली कारणं दोनच होती. एक तर घरात कुणीतरी गेलं, नाहीतर मिशी पिकली आणि कलप लावायचा कंटाळा आला. आमचे घरमालक वीरभद्रअप्पा यांनी तिसरं शोधून काढलं.

अप्पांचं लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. दुकानात त्यांचा तरुणपणीचा फोटो टांगलेला होता. कमरेला लंगोट, खांद्यावर गदा आणि नाकाखाली अशी मिशी, की गदेपेक्षा तिचाच धाक वाटावा. फोटोखाली बसलेले अप्पा मात्र सोललेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत. खोली बघायला गेलो तेव्हा मी सहज विचारलं, "अप्पा, मिशी कुठं गेली?"

"काढली," अप्पा म्हणाले. "कामेंट्रीला आड येऊन राहिली होती."

मी मान डोलावली. होणाऱ्या घरमालकाशी पहिल्याच भेटीत वाद घालू नये, एवढी अक्कल मी नांदेडहून सोबत आणली होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. त्याच्या नव्या कचेरीत माझी बदली झाली होती. जिल्ह्याचा बोर्ड आला होता, शिक्के आले होते, साहेबांची गोल फिरणारी खुर्ची आली होती. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. ढग औशापर्यंत यायचे, तिथं काय ऐकायचे कोण जाणे, आणि माघारी जायचे. गल्लीत टँकर यायचा, तोही लाडक्या जावयासारखा, त्याला वाटेल तेव्हा. अप्पांचं दुकान मात्र जोरात चाललं होतं. दुष्काळात ताटं-वाट्या कुणी घेत नाही, पण घागरी घेतात.

कामेंट्रीचा खुलासा मला पहिल्याच सामन्याला झाला. अप्पांच्या खिडकीत लाकडी पेटीचा जुना रेडिओ होता. सामन्याच्या दिवशी दुकान नोकरावर सोडून अप्पा खिडकीबाहेरच्या ओट्यावर मांडी घालून बसत आणि समोर बायकोला, म्हणजे महानंदाकाकूंना, बसवत. रेडिओ बोलायचा. आणि रेडिओ जे बोलला, ते सगळं अप्पा पुन्हा बोलायचे. रेडिओपेक्षा मोठ्याने.

तेही कसं, तर कुस्तीच्या भाषेत. त्रिफळा उडाला की "तिन्ही काठ्या चीत!" झेल सुटला की "पकड ढिल्ली पडली!" षटकार गेला की अप्पा मांडीवर असा शड्डू ठोकत, की पलीकडच्या भिंतीवरचं मांजर उडी मारून पळायचं. मधेच कामेंट्री इंग्रजीत सुरू व्हायची. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यामुळे ते कधी अडले नाहीत. लोकांच्या आरड्याओरड्यावरून ते अंदाजाने रन ठोकून द्यायचे. आणि प्रत्येक बॉलनंतर काकूंकडे बघून विचारायचे, "ऐकलं का?"

आता, आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोने नवऱ्याचं. नुसत्या 'ऐकलं का' या दोन शब्दांवर लोकांचे अख्खे संसार झालेले आहेत. पण दर बॉलला? काकू बिचाऱ्या "हाव" म्हणायच्या. दिवसभर "ऐकलं का?" आणि "हाव". मधेच कधी काकूच खणखणीत आवाजात म्हणायच्या, "आवो, त्यो तर आत्ताच गेला की! परत कसा मारंल?" अप्पा खजील होऊन रन कमी करायचे.

माझी बायको सुलभा हे बघून पेटली. दुसऱ्याचं भलं करणं हा तिचा छंद होता आणि नवीन गावात तो चालवायला तिला माणूस मिळत नव्हता.

"त्या रेडिओकडे पाठ करून बसतात, बघितलंस?" ती म्हणाली. "हा निषेध आहे."

खरं होतं. काकू नेहमी रेडिओकडे पाठ आणि अप्पांकडे तोंड करून बसायच्या, डोळ्यांची पापणी न हलवता. सुलभाच्या मते ती दहशत होती. शिवाय काकू बायकांत मिसळत नसत. हाक मारली तरी वळून बघत नसत. गल्लीचं मत, भांडेवाल्याची बायको गर्विष्ठ आहे. सुलभाचं मत, क्रिकेटने तिचं असं केलं आहे.

गल्लीलाही अप्पांच्या कामेंट्रीचा जाच होताच. एकदा विकेट पडली आणि अप्पा ओरडले, "गेलाऽ!" गल्लीला वाटलं टँकर गेला. बायकांनी कपाळावर हात मारले. तोवर नवा खेळाडू मैदानात उतरला आणि अप्पा ओरडले, "आलाऽ!" मग काय, दारोदारच्या घागरी रस्त्यावर. पळापळीत एकीचा पाय मुरगळला. टँकर अर्थातच कुठेच नव्हता. संध्याकाळी गल्लीचं शिष्टमंडळ अप्पांकडे गेलं. पुष्कळ चर्चेनंतर असं ठरलं, की यापुढे खेळाडू 'उतरेल' आणि 'उठेल'. येण्या-जाण्याचा हक्क फक्त टँकरला. नव्या जिल्ह्यात एकमताने झालेला तेवढाच ठराव माझ्या माहितीत आहे.

त्याच सुमारास पेपरच्या रविवारच्या पुरवण्यांनी ठरवलं होतं, की नवरा-बायकोंनी एकमेकांचे छंद वाटून घ्यावेत, म्हणजे संसार गोड होतो. आम्हीही हा प्रयोग केला. माझा छंद शब्दकोडी. सुलभा त्यात सहभागी झाली. मी चहा ठेवायला उठलो की परत येईपर्यंत कोडं सुटलेलं असायचं, आणि माझी दोन उत्तरं खोडलेलीही. मग मी तिच्या छंदात सहभागी व्हायचं ठरवलं. म्हणजे काय, तर तिने कुणाचं भलं करायला घेतलं की मी पिशव्या धरायच्या. संसार गोड झाला की नाही ते सांगता येत नाही, पण पिशव्या जड होत्या.

आणि अशात आमच्या जिल्ह्याच्या नव्या महिला मंडळाने व्याख्यान ठेवलं. विषय, 'पती-पत्नींचे समान छंद'. वक्त्या थेट पुण्याहून. दिवस नेमका सामन्याचा. सुलभाला यात देवाचाच हात दिसला. ती अप्पांच्या दारात गेली, काकूंचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, आज तुम्ही माझ्याबरोबर यायचं. क्रिकेट बंद."

मला वाटलं, अप्पा आता गदा काढतात. पण अप्पा काकूंकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "जा की. चार बायांत बसून ये. मॅच कुठं जात न्हाई, मी धरून ठेवतो." काकूंनी एकदा रेडिओकडे बघितलं, पदर नीट केला आणि सुलभाबरोबर गेल्या.

दुपारी मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसलो. श्रोत्यावाचून अप्पा कसे दिसतात, ते मला बघायचं होतं. रेडिओ बारीक आवाजात चालू होता. शड्डू नाही, आरडाओरड नाही. अप्पा डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते आणि पेरांवर बोट फिरवत होते.

"जप चाललाय का?" मी विचारलं.

"पाठ करून राहिलो," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "ती आल्यावर पुसंल. पहिल्या बॉलापासनं सांगावं लागंल."

"अहो सोडा की अप्पा! एक दिवस सुटल्या बिचाऱ्या. त्यांना कुठं क्रिकेटची गोडी आहे?"

अप्पांनी डोळे उघडले. "गोडी मला कुठं हाय, साहेब? मी तालमीतला मानूस. शौक तिचा हाय."

इंग्रजी कामेंट्री सुरू झाली होती. अप्पांनी आवाज आणखी कमी केला.

"ह्यो रेडिओ तिच्या रुखवतातला. तिचा भाऊ हैद्राबादला शिकायला होता. सुट्टीत उदगीरला आला की भाऊ-बहीण कान लावून क्रिकेट ऐकायचे. लग्नात बाकीच्यांनी रुखवतात लाडू-चकल्या मांडल्या, यानं रेडिओ मांडला. मी म्हनलो, हे काय खूळ! ती ऐकायला बसली की मी उठून तालमीत. आशी लई सालं गेली. मग येक दिवस दुकानाहून आलो तर रेडिओ येवढा मोठ्यानं, का गल्लीच्या तोंडाला ऐकू येऊन राहिला. अन् ही पेटीला कान चिटकवून बसलेली. मला म्हनली, रेडिओ बिघडला वाटतं, आवाजच न्हाई."

मी खिडकीतल्या त्या लाकडी पेटीकडे बघितलं.

"सोलापूर केलं, हैद्राबाद केलं. डाक्टर म्हनले, नसा सुकल्या. थोडं बी परत यायचं न्हाई. मला म्हनली, रेडिओ इकून टाका. म्हनलो, इकायचा न्हाई. तुझ्या कानाचं काम मी करतो. बोलल्यालं ती वठावरनं वळखायला शिकली. पर मिशीत वठ कुठं दिसायलेत? तिनं शब्दानं सांगितलं न्हाई कधी. मीच आरशात बगितलं, अन् न्हाव्याकडं गेलो."

"पण मग ओरडता कशाला? त्यांना तर..."

"हळू बोललं तर वठ पुरे हलत न्हाईत, साहेब. अन् मला हळू बोलता बी येत न्हाई."

"आणि गल्लीला सांगत का नाही? लोक त्यांना गर्विष्ठ म्हणतात. तुम्हाला काय काय म्हणतात."

"गर्विष्ठ म्हनतेत ना? म्हनू द्या. बहिरी म्हनून हासायलेत, त्याच्यापरीस बरं. तिला लई शरम वाटती. चार बायांत जात न्हाई ती त्याच्यामुळंच. आज तुमच्या मालकिनीनं मायेनं हात धरला, तर म्हनलो जाऊ द्यावं. जरा जीव रमंल."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त अप्पांचा हेवा वाटला. बाजारात ज्या मिशीला लोक वचकून होते, ती या माणसाने न मागता देऊन टाकली होती. मी शब्दकोड्यातले दोन शब्द देत नव्हतो.

हिंदी कामेंट्री आली आणि अप्पा पुन्हा डोळे मिटून पाठांतराला लागले. दुपारभर आपले लोक एकेक करून उठत राहिले. अखेर भारत हरला. अप्पांनी रेडिओ बंद केला आणि वाटेकडे बघत बसले.

दोघी परत आल्या तेव्हा काकूंची मान खाली होती आणि सुलभाचे डोळे लाल. ती मला आत ओढून घेऊन गेली. व्याख्यान ऐन रंगात असताना पुण्याच्या बाईंनी नेमकं पुढच्या रांगेत बसलेल्या काकूंकडे बोट केलं आणि विचारलं, "सांगा ताई, तुम्ही यजमानांच्या छंदात भाग घेता का?" बाईंच्या तोंडासमोर माईक होता. ओठ दिसत नव्हते. काकू गोंधळल्या, उभ्या राहिल्या आणि अंदाजाने मोठ्यांदा म्हणाल्या, "महानंदा." सगळं सभागृह हसलं. काकूंना वाटलं, नाव सांगायचं चुकलं. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, आडनावासकट.

"मला कळलंच नाही रे," सुलभा रडत म्हणाली. "मीच त्यांना पुढं बसवलं होतं."

मी तिला ओट्यावर ऐकलेलं सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

बाहेर काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या, बंद रेडिओकडे पाठ करून. अप्पांनी घसा साफ केला. व्याख्यान कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. काकूंच्या तोंडाकडे बघूनच त्यांना ते कळलं असावं.

"टॉस झाला, त्यांचा डाव बी झाला," अप्पा ओरडले. "आता आपली बॅटिंग! ऐकलं का?"

काकू खालमानेने पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"पहिला बॉल. नुसताच आडवला. दुसरा बॉल... आडवा हात, अन् चौका! ऐकलं का?"

"हाव," काकू नुसतेच डोळे वर करून बारीक आवाजात म्हणाल्या.

मांडीवर शड्डू बसला. भिंतीवरचं मांजर पळालं. हळूहळू काकूंची मान वर आली. "कोन होता बॉलिंगला?" त्यांनी विचारलं. अप्पांनी सांगितलं. "त्याला उशिरा आनलं," काकू म्हणाल्या.

एवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, "आलाऽ!" आणि या वेळी तो खरंच टँकर होता. घागरी खणखणल्या. अप्पांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सुलभा उठली, आमच्या घागरी माझ्या हातात दिल्या, अप्पांच्या दारातल्या काकूंच्या घागरी स्वतः घेतल्या आणि न बोलता रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

रांगेतून ओटा दिसत होता, आणि अप्पांचा आवाज ऐकू न येण्याचा तर प्रश्नच नव्हता. सामना शेवटाला आला होता. मला निकाल ठाऊक होता. आपली शेवटची जोडी दुपारीच गारद झाली होती. पण ओट्यावर ती जोडी अजून खेळत होती.

"उचलून मारला! छक्का! ऐकलं का? परत छक्का! ल्हान पोरासारखे पळायलेत ते लोक... जितलोऽ! जितलो आपन!"

रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. काकू मात्र हलल्या नाहीत. अप्पांच्या तोंडाकडे एकटक बघत त्या म्हणाल्या, "आवो, मिशी होती तवा तुमचं खोटं लपायचं. आता वठ थरथरलेलं दिसतेत. हारले म्हना की सरळ."

अप्पांचा चेहरा पडला. "हारले," ते म्हणाले.

"मग रडायला काय झालं? खेळात हारतेतच." आणि काकू हसल्या. दुपारपासून पहिल्यांदा.

अप्पांनी चटकन तोंड आमच्या रांगेकडे फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. "परत मिशी ठेवावी लागंल बगा, साहेब," ते मला म्हणाले. तेवढं एक वाक्य ते हळू बोलले.

काकूंनी त्यांचा खांदा धरला आणि त्यांना आपल्याकडे वळवलं.

"तिकडं काय बोलून राहिले? माझ्याकडं बगून बोला."