रूळवाले लिंबाजीमामा

लिंबाजीमामा पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी साहेबांना नमस्कार केला नाही, मला केला नाही. माझ्या टाइपरायटरला केला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रस्त्यांच्या कामाचं नवं ऑफिस एका जुन्या गोदामात थाटलं होतं आणि तिथं चार खुर्च्यांत सात माणसं बसत. मी कंधारहून आलेला नवा टंकलेखक, म्हणून खुर्ची मिळालेल्यांत होतो. खाकी सदऱ्यातला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस सरळ माझ्या टेबलापाशी आला. टाइपरायटरला हात जोडून त्यानं त्याच्या काळ्या रबरी रोलरवरून हलकेच बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो रूळ कोन्या गावचा, सायब?"

मी म्हटलं, विलायतेचा असेल.

"म्हंजे तिकडं बी रुळाबिगर भागत न्हाई," असं म्हणून ते समाधानानं खाली बसले. खाली म्हणजे आपल्याच वळकटीवर. ती वळकटी त्यांनी इतकी घट्ट वळलेली असे, की तिच्यावर दोन माणसं बसली तरी ती दबत नसे. आमच्याकडं खुर्च्यांची चणचण होती, त्यामुळे मामा आले की हेडक्लार्कसुद्धा त्या वळकटीकडं आशेनं बघत.

मामा आमच्या ऑफिसचा रोडरोलर चालवायचे. तो रोलर माणसाच्या चालीनं चाले, आणि मामांचा स्वभावही त्याच चालीचा झाला होता. त्यांचं म्हणणं असं, की जगातली सगळी खरी कामं रूळच करतो. घरात लाटणं आणि वरवंटा, उसाच्या चरकात रूळ, छापखान्यात रूळ. हेडक्लार्कच्या टेबलावरची रेघा मारायची पट्टी काढून तिथं जुन्या चालीचा गोल लाकडी रूळ आणून ठेवला तोही मामांनीच. चौकोनी वस्तूंवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. पेटी, कपाट, विटा यांना ते 'आळशी मंडळी' म्हणत. त्या स्वतः हलत नाहीत, दुसऱ्याला उचलाव्या लागतात, ही त्यांची तक्रार.

या मताचा सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या घरी होता. आपल्या भागात भाकरी थापतात. मामी परातीत सुरेख, एकसारखी भाकरी थापायच्या, आणि ती तव्यावर जाण्याआधी मामा तिच्यावर एकदा लाटणं फिरवायचे. भाकरी तुटायची. मामींनी लाटणं ज्वारीच्या कणगीत लपवलं, तर मामांनी कंदिलाची रिकामी काच वापरली. शेवटी तोड निघाली, ती अशी की मामांनी फक्त स्वतःच्या भाकरीवर फिरवावं आणि तुकडे निमूटपणे खावेत. ते खात. वर म्हणत, "बराबर बसली."

कुठल्याही दुखण्यावर, संकटावर मामांचा इलाज एकच असे: "अजून एक फेरा." रस्ता नीट दबला नाही, अजून एक फेरा. साहेबांनी रजा नाकारली, अर्ज घेऊन अजून एक फेरा. मुखेडच्या एका मुलीकडून मला नकार आला, तेव्हाही त्यांनी मला वळकटीवर बसवून हाच सल्ला दिला. मी मनात चिडलो. पण पुढं त्याच मुलीशी माझं लग्न झालं, त्यामुळे या बाबतीत आता मला बोलायला जागा नाही.

रस्ता तपासायची त्यांची रीत मात्र साऱ्या ऑफिसात गाजलेली होती. त्यांच्या पिशवीत एक पितळी पेला असे. नव्या रस्त्यावरून कुठलीही गाडी निघाली की मामा तिला हात करायचे, आपल्या कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी पेल्यात काठोकाठ भरायचे आणि गाडीतल्या कुणाच्या तरी हातात द्यायचे. पाणी जिथं सांडलं तिथं चुना टाकायचा आणि रोलर पुन्हा फिरवायचा. एकदा आमच्या साहेबांनी यंत्र लावून रस्ता पास केला. मामांनी अदबीनं त्यांच्या हातात पेला दिला. तिसऱ्या फर्लांगाला साहेबांची पांढरी पँट भिजली. साहेब तापले. मामांनी पँटीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खाली उतरून चुना टाकला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. वर्ष दुष्काळाचं होतं, पाणी फेकायची त्यांची रीत नव्हती.

मी या पेल्याची पुष्कळ चेष्टा करायचो. ती बंद झाली ती एका दुपारी, त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा. मामी वाढताना वाकत नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसायच्या आणि सबंध शरीर ताठ ठेवून ताट पुढं सरकवायच्या. मामा हात धुवायला बाहेर गेले, तेव्हा मामींनीच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी माहेराहून बैलगाडीनं येताना चाक खड्ड्यात गेलं आणि मामी गाडीच्या लाकडी साट्यावर आदळल्या. तेव्हापासून पाठीला हिसका म्हणून सोसत नाही. नऊ वर्षांत माहेर नाही. आई म्हातारी, तिची नजरही गेलेली.

"गाडी हेच हाकत होते," मामी हळूच म्हणाल्या. "मी काईच बोलले न्हाई कधी. पर त्यांनी दुसऱ्याच महिन्याला रोलरवर नाव लावलं. म्हणले, हातातलं पानी सांडनार न्हाई असा रस्ता करतो, मंग तू जा."

मी उगाचच भाकरीची स्तुती केली.

मामींचं माहेर चिंचाळवाडी. मुखेडकडं जाताना आमच्या हद्दीतलं ते शेवटचं गाव. नवा जिल्हा झाला आणि तिथवरचा रस्ता मंजूर झाला. तेव्हा मामांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. पेढे त्यांनी स्वतः पुन्हा तळहातावर फिरवून गोल केलेले होते. रोजगार हमीवरची माणसं खडी फोडत होती, मामा रोलर फिरवत होते, आणि रस्ता मैलामैलानं चिंचाळवाडीकडं सरकत होता.

शेवटचा अर्धा मैल राहिला आणि घोटाळा झाला. खडीवर मुरूम टाकला की त्यावर पाणी मारावं लागतं, मगच रोलरखाली तो बसतो. कोरडा मुरूम कितीही दाबा, चार दिवसांत उडून जातो. त्या अर्ध्या मैलासाठी पाण्याचा एक टँकर मिळाला होता. टँकर गावाअलीकडच्या पुलापाशी येऊन थांबला, तेव्हा चिंचाळवाडीच्या बाया घागरी घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. कुणी मागितलं नाही, कुणी भांडलं नाही, नुसत्या उभ्या होत्या. गावची विहीर महिन्यापूर्वीच आटली होती. रांगेच्या शेवटी एका पोरीचा हात धरून मामांची सासूही होती, हातात एवढीशी कळशी घेऊन. मामांनी रोलर बंद केला, खाली उतरले आणि स्वतः तोटी उघडली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं अर्ज टाइप करून घ्यायला आले. झाला प्रकार त्यांनी साहेबांना आणि मला जसाच्या तसा सांगितला. टाइपरायटरच्या रुळाकडं त्यांनी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही. अर्जात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, की रस्ता तहानलेला हाय, अजून एक टँकर द्यावा. मी ते सरकारी भाषेत बसवलं आणि त्यामुळे ते वाक्य फार गरीब झालं, असं मला आजही वाटतं. साहेब त्यांच्यावर रागावले नाहीत. पण माणसांनाच पुरत नाही तिथं रस्त्याला पाणी कुठून आणू, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं. मामांनी तो अर्धा मैल आठवडाभर कोरडाच दाबला. मुरमाच्या धुळीनं मिशांसकट लालभडक होऊन फिरत राहिले. मुरूम काही बसला नाही.

तेवढ्यात सासूचा निरोप आला. डोळ्यांना लेक दिसायची नाही, निदान हातानं चाचपू तरी दे. मामींनी लुगडी बांधली. पाऊस पडू दे, रस्ता पक्का होऊ दे, असं मामा म्हणत होते. मामी म्हणाल्या, आईला तोवर धीर नाही.

हद्दीवर जिल्ह्याच्या नावाची नवी पाटी लावायची होती, तिच्यासाठी ऑफिसची जीप निघाली. साहेबांनी आपण होऊन मामींना पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं. पाटीवरची अक्षरं मी तपासलेली, म्हणून मलाही धाडलं. मागं मी, मामा आणि आमच्या मांडीवर ती भली मोठी चौकोनी पाटी. मामांनी पाटीला एकदा 'आळशी' म्हणून घेतलं आणि पुढं वाकून मामींच्या हातातला पेला काठोकाठ भरला.

जीप निघाली. मामांची मान करकोच्यासारखी लांबलेली. एक मैल, दोन मैल, सहा मैल गेले. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरायचं, पण काठ सोडत नव्हतं. ड्रायव्हरनं मुद्दाम वेग वाढवला तरी नाही. मामी एका हातानं समोरचा दांडा धरून बसल्या होत्या आणि अधूनमधून मागं न बघताच म्हणत होत्या, "न्हाई सांडलं." प्रत्येक वेळी मामा माझ्या मांडीवर थाप मारायचे. इतका सुखी माणूस मी त्या दुष्काळात दुसरा पाहिला नाही.

मग पूल आला. पुढं तो कोरडा अर्धा मैल दिसत होता, जागोजाग खडी उघडी पडलेली. मामांनी डोळे मिटून घेतले.

आणि मी पाहिलं. मामींनी पेला उचलला, एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं, पदरानं ओठ पुसले आणि पेला पहिल्यासारखाच नीट समोर धरला. मग दणके सुरू झाले. ड्रायव्हरनं होईल तेवढं जपून नेलं, तरी मामींचे दात घट्ट आवळलेले मला बाजूनं दिसत होते. त्यांनी हूं म्हणून केलं नाही.

गावात जीप थांबली. मामा उडी मारून पुढं गेले. "सांडलं का?"

मामींनी पेला त्यांच्या हातावर पालथा घातला. "एक थेंब बी न्हाई. पदर बघा, कोरडा हाय."

मामांनी खरोखरच पदर पाहिला, जीपची फळी पाहिली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणलो नव्हतो का, सायब." ओसरीवर म्हातारी बसली होती. तिनं लेकीचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, आणि मग तिचा हात पाठीवरून सावकाश वरून खाली फिरत राहिला. तिथं आम्हा पुरुषांना उभं राहवेना, म्हणून आम्ही पाटी लावायला गेलो.

मामी तिथं आठ दिवस राहणार होत्या. परतीच्या वाटेवर मामा पुढं बसले होते. मी त्यांना खूश करायला म्हटलं, "मामा, पास झाला तुमचा रस्ता."

ते पेला पिशवीत ठेवत म्हणाले, "डोळे मी पुरते मिटले नव्हते, सायब. लई दुखलं असंल का वो तिला?"

पुलापाशी रोलर उभा होता. मामांनी जीप थांबवायला लावली, वळकटी काखेत मारली आणि उतरले. रोज पहाटे गावातल्या बायांना भांडी विसळलेलं पाणी टाकून देऊ नका म्हणून सांगतो, असं ते म्हणाले. कळशी, दोन कळशा, मिळेल तेवढं. आठ दिवसांत चार हात का होईना, मुरूम बसेल.

"यायला बी तिला ह्याच रस्त्यानं यायचंय," ते म्हणाले. "फिरवतो अजून एक फेरा."