मासा जैसे थे

मासा सांभाळायचा म्हणजे काय हो असं मोठं? मासा भुंकत नाही, चावत नाही, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बसत नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाच महिने काय, पाच वर्षं ठेवा की माझ्याकडे, साहेब!"

छाती पुढे काढायला कारण होतं. मी कचेरीत हंगामी कारकून. तीन वर्षं झाली तरी हंगाम काही संपत नव्हता. मला कायम करायचं की नाही, हे कर्णिक साहेबांच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं, आणि तो शेरा ते पुण्याचं ट्रेनिंग उरकून आल्यावर लिहिणार होते. अशा वेळी त्यांचा लाडका मासा माझ्या घरी येणं म्हणजे देवच पावला म्हणायचा.

मासा दोन इंचांचा, नारिंगी रंगाचा, काचेच्या गोल भांड्यात. साहेब एकटेच राहायचे, त्यामुळे जीव लावायला तेवढाच होता. जाताना त्यांनी मला रीतसर कागद दिला. वर जावक क्रमांक, खाली सही, मध्ये एक ओळ: 'मासा जैसे थे ठेवावा.'

कचेरीत वावरणाऱ्या माणसाला 'जैसे थे'चा अर्थ सांगावा लागत नाही. बांधावरून भांडण लागलं की वरून हुकूम येतो, परिस्थिती जैसे थे ठेवावी. मग बांध हलवायचा नाही की झाडाची फांदी तोडायची नाही. म्हणजे दोन इंच दिला, दोन इंच परत घेणार. मी कागद देवाच्या फोटोमागे खोचला आणि निर्धास्त झालो.

पंधरा दिवसांत मासा अडीच इंच झाला.

मी भांड्याला फूटपट्टी लावून तीनदा मोजलं. काचेमुळे मोठा दिसत असेल म्हणून वरून मोजलं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क हंबीररावांना गाठलं. सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर गळ टाकून बसणारा माणूस, त्यामुळे माशांच्या बाबतीत कचेरीत त्यांचा शब्द शेवटचा.

"भिऊ नगंस वसंता," ते पानाला चुना लावत म्हणाले. "मासा भांड्यापरमानं वाढतोय. भांडं ल्हान, तर मासा ल्हान. तू भांडं तेवढं बदलू नगो. त्यो आपोआप थांबतोय बघ."

मी भांडं बदललं नाही. मासाही थांबला नाही. तीन इंच झाला, चार झाला. श्रावणात तर त्याची अशी अवस्था झाली की वळायचं म्हटलं तर आधी शेपूट दुमडून घ्यावी लागायची. दिवसातून दोनदा पाणी बदललं तरी गढूळ व्हायचं, आणि तो तोंड वर काढून उघडमीट करत राहायचा. मी जेवायला बसलो की काचेआडून माझ्याकडे बघायचा. साहेबच बघताहेत असं वाटून मी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करायचो.

त्यात साहेबांचं कार्ड आलं. 'मासा कसा आहे?' मी उलट टपाली लिहिलं, 'जैसे थे आहे.' म्हणजे सहीनिशी खोटं लिहून दिलं! त्या दिवसापासून गल्लीत पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी न्हाणीघरात जाऊन बसायला लागलो.

"अवो, वळाय जागा न्हाय त्येला," माझी बायको शालन एक दिवस म्हणाली. "मोठं कायतरी बघा."

"हुकूम हाय, शालन. जैसे थे."

"हुकूम तुमाला हाय. माशाला कुणी वाचून दावला?"

तेवढ्यात तिच्या हातातला भाकरीचा चुरा दिसला. साहेबांनी चिमूटभर दाणा दिवसातून एकदाच टाकायला सांगितलं होतं. ही बया जूनपासून तीन वेळा भाकरी कुस्करून घालत होती.

"वाढत्या जिवाला चिमटीनं घालत्यात व्हय?" ती उलट मलाच म्हणाली.

नागपंचमी होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी बघतो तर मासा भांड्यात आडवा झालेला. कल्ले नुसते थरथरताहेत. वाढला तर नोकरी जाणार आणि मेला तरी जाणार, हे खरं. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही. तो बिचारा एक शब्दही न बोलता मरत होता आणि मी फूटपट्टी हातात घेऊन उभा होतो.

शालननं मला बाजूला सारलं, भांडं उचललं आणि थेट घरामागच्या परड्यात जाऊन काहिलीत ओतलं.

काहील म्हणजे गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसांनी उचलावी लागते एवढी मोठी. माझा मेहुणा आकाराम गारगोटी रस्त्यावरच्या एका गावात गुऱ्हाळ चालवतो. तळाला ठिगळ मारायला म्हणून त्यानं ती कोल्हापुरात आणली आणि ठिगळ बसल्यावर हंगाम लागेपर्यंत आमच्या परड्यात टाकून ठेवली होती. पावसानं ती काठोकाठ भरली होती. मासा तळाशी गेला, घटकाभर तसाच राहिला, आणि मग त्यानं जी फेरी मारली, ती बघून शालननं डोळ्याला पदर लावला.

भांड्याचं माप मासा पाळतो, एवढं मात्र हंबीररावांचं खरं निघालं. दिवाळीपर्यंत तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत झाला.

आणि कार्ड आलं. 'रविवारी सकाळी परस्पर तुमच्याकडेच येतो.'

हा हातभर मासा दाखवून, साहेब, हाच तो तुमचा, म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, माझा मारलात आणि हा बाजारातून आणलात. पुन्हा हंबीरराव.

"त्याच रंगाचा दोन इंची इकत आन," ते म्हणाले. "सोड भांड्यात. जैसे थे!"

रविवारी सकाळी उठल्याबरोबर मी महाद्वार रोडला निघालो. जाताना शालनला बजावलं, "साहेब येणार हाईत. त्यो मोठा मासा परड्यात दिसता कामा न्हाय."

माशांचं दुकान उघडायला दहा वाजले, आणि परत येऊन बदली मासा भांड्यात सोडतो तोच दारात जीप थांबली. साहेब आत आले. भांड्यापुढे वाकले.

"चौगुले, हा वाढला कसा नाही?"

"जैसे थे, साहेब," मी म्हणालो. आवाज माझाच होता का, शंका आहे.

"जैसे थे म्हणजे जिवंत आणि ठणठणीत! पाच महिन्यांत हा पाच-सहा इंच व्हायला हवा होता. माशाच्या प्रत्येक इंचाला गॅलनभर पाणी लागतं, असा हिशेब करून मी ह्याच्यासाठी पुण्याहून तीन फुटी टाकी आणलीय. तुम्ही उपाशी ठेवलंत की काय ह्याला?"

खरोखरच जीपमध्ये मागे गवतात गुंडाळलेली काचेची टाकी होती. माझ्या डोळ्यांपुढे माझा शेरा तरंगायला लागला. मी हात जोडले.

"साहेब, हा तुमचा न्हाय. तुमचा परड्यात हाय. हातभर झालाय."

आम्ही परड्यात गेलो. तिथे काहील नव्हती. जमिनीवर गोल ओला डाग तेवढा होता.

"आकाराम घिऊन गेला की," शालन म्हणाली. "आज रसाचं पयलं आधण हाय त्येचं. मासा बी हंड्यात घालून दिला. तुमीच म्हणालासा न्हवं, दिसता कामा न्हाय?"

गुऱ्हाळ, मासा आणि आधण हे तीन शब्द डोक्यात एकापाठोपाठ एक आले, आणि मी ओरडलो, "साहेब, गुऱ्हाळ!" साहेबांनी मला दंडाला धरून जीपमध्ये घातलं. शालननं गावाचं नाव सांगितलं आणि जीप निघाली. मागे ती टाकी खडखडत होती. मी डोळे मिटून म्हणत होतो, देवा, मला कायम करू नकोस हवं तर, पण त्याला रसात जाऊ देऊ नकोस.

गुऱ्हाळावर धूर निघत होता. काहील चुलीवर चढली होती, रस रटरटत होता आणि वर नारिंगी फेस आला होता. नारिंगी! मी जीपमधून उडी टाकली आणि हात पुढे करून पळालो.

"दाजी, भाजंल!" आकारामनं मला कमरेला मिठी मारली.

"मासा," मी ओरडलो. "मासा कुठं हाय?"

"त्यो व्हय? हिरीत सोडला की. रसात घातला तर त्यो गूळ कोण खाणार?"

आम्ही विहिरीवर गेलो. आकारामनं भाकरीचा तुकडा टाकला. खालच्या काळ्या पाण्यातून एक नारिंगी पट्टा सरसर वर आला, तुकडा घेऊन पुन्हा खाली गेला. मला रडूच आलं. साहेबांनी कठड्यावरून वाकून स्वतः एक तुकडा टाकला.

"हा आता टाकीत मावायचा नाही," ते म्हणाले. "राहू दे इथंच."

परत येताना ते म्हणाले, "चौगुले, मासा वाढल्याचा मला आनंद आहे. पण तुम्ही मला लिहिलंत काय, आणि दाखवलंत काय?"

घर आलं, तसे ते आत जाऊन आपलं भांडं आहे तसं उचलून घेऊन गेले.

बुधवारी माझी फाईल टेबलावर आली. मी देवाचं नाव घेऊन उघडली. साहेबांच्या अक्षरात दोनच शब्दांचा शेरा होता: 'जैसे थे.'

एवढंही मी सोसलं असतं. पण परवा काही कागद घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो होतो. दिवाणखान्यात ती तीन फुटी टाकी, त्यात वाळू, वाळूत हिरवी रोपं, वर दिवा. आणि मधोमध माझा महाद्वार रोडचा मासा ऐटीत फिरत होता. तीन वर्षं मी हंगामीच आहे, आणि घटकाभराची बदली करून तो मात्र कायम झाला.