मन्मथअप्पांचं माशांचं घर

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा मासा शिजणाऱ्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. पण अख्ख्या अहमदपुरात माशांच्या घराची काळजी करणारा माणूस तेवढा एकच.

याला कारण जावई. त्याने अप्पांना एकदा समुद्रावर नेलं, पाठीला हवेची टाकी बांधली आणि बुडालेलं जहाज दाखवायला पाण्याखाली उतरवलं. गळ्यातलं काढून ठेवा, असं तिथला माणूस म्हणाला.

"लिंग काढत नसतो आम्ही. तुमचं जहाज वर आणा."

शेवटी इष्टलिंग रबरी कपड्याच्या आत घेऊन उतरले. वर आले ते बिघडूनच. तेव्हापासून डाळीच्या भावापासून सुनेच्या रागापर्यंत कशावरही एकच वाक्य : "खाली गेल्याबिगर कळत न्हाई."

दुष्काळात गल्लीच्या टँकरची यादी माझ्याकडे होती. बाया घागरींवरून भांडत, आणि हे गृहस्थ रांगेत उभं राहून समुद्र सांगत. "जहाज मेलं न्हाई ताई, लई मासे नांदून राहिले तिथं."

मग त्यांनी आपला जुना टेम्पो गावच्या कोरड्या तळ्यात ठेवायचं काढलं. पाणी आलं की तो बुडणार आणि त्यात मासे राहणार.

"तालुक्याचा जिल्हा होऊन राहिला. बघायला काही पाहिजे का न्हाई?"

"आधी प्यायला पाहिजे," मी म्हणाले.

त्यांच्या मुलाने टेम्पोसाठी भंगारवाला ठरवला होता. तो यायच्या आत अप्पांनी ट्रॅक्टर लावून टेम्पो तळ्यात नेला.

एका सकाळी टँकर आला, तर अप्पांच्या घागरी रांगेत आणि माणूस गायब. झापायला मी तळ्यावर गेले. भेगाळलेल्या चिखलात बसून अप्पा इंजिनाचं तेल पुसत होते. तेलाने मासे मरतात म्हणे. काचा काढल्या होत्या, उजवं दारही काढलं होतं. माशांसाठी जहाज मुद्दाम बुडवण्याआधी दारं काढतात, आत गेलेलं अडकू नये म्हणून. रांगेत ऐकून ऐकून मला ते पाठ होतं.

"मग हे डावं? विसरलात?"

अप्पांनी फडकं खाली ठेवलं.

"हे आतून उघडत न्हाई. दर बाजाराला मीच फिरून जायचो, उघडायचो, मग ही उतरायची." त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. "हे न्हाई काढवत, ताई."

"मग मासे अडकतील. उघडं ठेवून तारेनं बांधा. तार कुठंय?"

तार मीच शोधली. अप्पा उठले. पुढून वळसा घालून गेले, दार उघडलं आणि एक पाऊल बाजूला सरले. पिशव्या सांभाळत कुणाला उतरायला लागेल, तेवढा वेळ तसेच उभे राहिले. मग तारेसाठी हात पुढे केला.